पोटाच्या गोळ्या: कोणती कुठे काम करते, आणि मग घ्यायची कधी?

जुना केमिस्ट (अमळनेर)
रविवार, रात्री १०:१२

भरताचे दिवस आले. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी, सोबत मिरचीचा ठेचा. शेतातल्या पार्ट्या सुरू झाल्या की आमच्या काउंटरवर एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. रात्रीचे दहा-साडेदहा, तोंडाला लसणाचा वास, एक हात छातीवर. "काका, एक पित्ताची कॅप्सूल द्या बरं, लवकर." तिथंच उभ्या-उभ्या गिळतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो की तुम्ही माल डुप्लिकेट दिला.

माल चांगला असतो हो. वेळ चुकलेली असते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल हे सगळे 'प्राझोल' पोटात पडल्या पडल्या काहीच करत नाहीत. उलट पोटातल्या आम्लात ते विरघळून नासू नयेत म्हणून त्यांच्यावर खास लेप असतो. गोळी जठर ओलांडून लहान आतड्यात जाते, तिथं लेप सुटतो, औषध रक्तात जातं आणि रक्तातून फिरून जठराच्या भिंतीकडे मागच्या बाजूनं येतं. त्या भिंतीतल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. औषध तिथं पोचून त्या पंपाला कायमचं चिकटतं आणि तो पंप बाद होतो.

गंमत अशी की ते फक्त चालू पंपालाच चिकटतं. विहिरीवरच्या बंद मोटारीचा फ्यूज कसा उडणार? पोट रिकामं असताना बरेच पंप पेशीच्या आत निजलेले असतात. आपण जेवायला बसलो की ते वर येऊन कामाला लागतात. औषध रक्तात राहतं जेमतेम एक-दोन तास. म्हणजे जेवण सुरू होईल तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास, शक्यतो सकाळच्या नाश्त्याआधी. जेवून, ढेकर देऊन, पान खाऊन घेतलेली कॅप्सूल त्या रात्रीच्या जळजळीला उपयोगाची नाही.

शिवाय पहिल्या गोळीत सगळे पंप सापडत नाहीत. रोज काही नवे तयार होतात, काही निजलेले राहून जातात. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. एका गोळीवरून 'कंपनीत दम नाही' हा निकाल देऊ नका. आणि लेप आहे म्हटल्यावर गोळी चावायची नाही, कुटायची नाही, कॅप्सूलमधले दाणे चुरायचे नाहीत.

बाकीच्या औषधांबद्दलही लिहीन. आधी तुमचे प्रश्न येऊ द्या, म्हणजे कुठं गाठ बसली आहे ते कळेल.

---

खापरावरचा मांडा
रविवार, रात्री १०:३१

केमिस्ट भो, मंग इतला दिन मन्या गोया फुकटच ग्यात का?

आणि मग पार्टीतल्या त्या रात्री घ्यायचं काय? छातीत आग पडलेली असताना "उद्या सकाळी नाश्त्याआधी घ्या" म्हणालात तर तुमच्या दुकानाला कोणी परत पाय लावणार नाही.

---

जुना केमिस्ट (अमळनेर)
रविवार, रात्री १०:५५

फुकट गेल्या असं नाही, पण पैसे पुरते वसूल झाले नाहीत.

त्या रात्रीसाठी पातळ अँटासिड. ते रक्तात जायची वाट पाहत नाही. जठरात जे आम्ल तयार होऊन पडलेलं आहे त्याच्याशी थेट रासायनिक क्रिया करून ते मारतं. काही मिनिटांत आराम, पण टिकतो थोडाच वेळ. बाटलीवर ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही का असतात हे कधी पाहिलंय? नुसत्या ॲल्युमिनियमनं शौचाला खडा होतो, नुसत्या मॅग्नेशियमनं पातळ होते. दोघांना एकत्र घातलं की एकमेकांचा दोष थोडा झाकला जातो. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी मात्र ही दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, शरीरात साठतात.

काही बाटल्यांत अल्जिनेट असतं, समुद्री शेवाळापासून काढलेलं. त्याचा जठरातल्या अन्नावर घट्ट थर तरंगतो आणि आंबट पाणी वर घशाकडे यायला अडतं. जेवणानंतर आणि झोपण्याआधी घ्यायचं औषध हे.

तिसरा पर्याय फॅमोटिडीन. जठरातल्या पेशीला "आम्ल सोड" असा निरोप हिस्टामाइन देतं. फॅमोटिडीन त्या निरोपाचं दार अडवतं. तासाभरात परिणाम, आणि दहा-बारा तास टिकतो. म्हणजे पार्टीला जाणार हे आधीच ठाऊक असेल तर निघताना घेण्यासारखी गोळी हीच. रोज घेत राहिलं तर काही दिवसांत तिचा जोर उतरतो, हा तिचा दोष.

याच घराण्यातलं पहिलं औषध सिमेटिडीन, ते शोधणारे जेम्स ब्लॅक. त्याच माणसानं ब्लड प्रेशर-हृदयासाठीचं प्रोप्रॅनोलॉलही शोधलं. १९८८ साली नोबेल मिळालं. दोन्ही औषधांत डोकं एकच: शरीरातला निरोप जिथं पोचतो ते दार ओळखा आणि तिथं आडवे व्हा.

---

यावलची सून
सोमवार, सकाळी ७:४८

काका, रॅनिटिडीन पण त्याच घराण्यातली ना? आमच्या सासूबाई अजून तीच मागतात. ती बंद झाली असं वाचलं होतं.

---

जुना केमिस्ट (अमळनेर)
सोमवार, सकाळी ९:२०

त्याच घराण्यातली. ती गोळी साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, एनडीएमए नावाचा कर्करोगाला कारण ठरू शकणारा घटक तयार करते असं आढळलं. अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळली, पण दुकानात अजून मिळते. आपल्या भुसावळचा मे महिना आठवा आणि पत्र्याच्या टपरीत ठेवलेली पट्टी आठवा. फॅमोटिडीन हाताशी असताना तिच्यामागे लागायचं कारण मला दिसत नाही.

---

सावद्याचा केळीवाला
सोमवार, दुपारी १:०५

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे केळीच्या गाड्या भरणारी पोरं आहेत. खांद्यावर घड, दिवसभर वाकणं. कंबर धरली की सकाळी चहाबरोबर दुखण्याची गोळी, रिकाम्या पोटी. जरा शहाणी पोरं म्हणतात, गोळीनं पोट बिघडतं म्हणून आम्ही सुई मारून घेतो, सुई काय पोटात जात नाही. हे बरोबर आहे का? एकाला मागच्या हंगामात काळी शी झाली आणि चक्कर येऊन पडला, जळगावला न्यावं लागलं.

---

सातपुड्याखालचा डॉक्टर
सोमवार, दुपारी ३:४०

बरं झालं हा प्रश्न आला, कारण सुईचा हा गैरसमज गावोगाव आहे.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनू देत नाहीत. सांध्यात किंवा कंबरेत ते कमी झालं की सूज आणि दुखणं कमी. पण तेच रसायन जठराच्या आतल्या अस्तराचं राखण करत असतं: त्याच्यामुळे वर चिकट थर टिकतो आणि भिंतीला रक्त नीट मिळतं. औषध रक्तात गेलं की राखण उठते, मग ते तोंडानं गेलेलं असो की कुल्ल्यात टोचलेलं. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते, अल्सरचा धोका जात नाही. सुईनंही जात नाही.

डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी म्हणजे वर कुठंतरी रक्त गेलं आहे. त्यात चक्कर, धडधड, थंड घाम असेल तर मोटारसायकलवर बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथनंही शी काळी होते, पण ते नंतर आम्ही ठरवू.

ज्यांना दुखण्याची गोळी रोज घ्यावीच लागते, आणि वय जास्त आहे किंवा आधी अल्सर झाला आहे किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, त्यांना आम्ही सोबत 'प्राझोल' देतो. इथं ती गोळी खरी किमतीची आहे. बाकी कंबरदुखीला आधी पॅरासिटामॉल पुरतंय का ते पाहावं.

अल्सरचं दुसरं मोठं कारण एच. पायलोरी हा जंतू. पूर्वी आम्हाला शिकवणारेही म्हणत की अल्सर तिखटानं आणि टेन्शननं होतो. ऑस्ट्रेलियाचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू दाखवला. लोक ऐकेनात तेव्हा १९८४ साली मार्शलनं जंतूचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं आणि जठराची सूज ओढवून घेतली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. आता तपासणीत हा जंतू सापडला तर दोन-तीन अँटिबायोटिक आणि 'प्राझोल' असा साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि लोक सोडून देतात. उरलेला जंतू त्या औषधांना मग दाद देत नाही.

तेव्हा शेवभाजीवर अल्सरचा आळ घेऊ नका. तिच्यातलं तेल आणि ती खाऊन लगेच आडवं होणं, यानं आंबट पाणी वर येतं, एवढा गुन्हा तिच्या नावावर आहे.

---

खापरावरचा मांडा
सोमवार, दुपारी ४:०२

शेवभाजी निर्दोष सुटली. डॉक्टरसाहेब, तुमना तोंडमा साखर.

---

नाशिककर (मूळ पारोळा)
सोमवार, रात्री ८:१५

वडील ६८ वर्षांचे, शाकाहारी, डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू. तीन-चार वर्षांपासून पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची जोडगोळी रोज घेतात. कोणी सुरू केली तेही आता आठवत नाही. एक दिवस चुकली की छाती जळते, म्हणून सोडायला तयार नाहीत. हे व्यसन म्हणायचं का?

---

सातपुड्याखालचा डॉक्टर
सोमवार, रात्री ९:५०

व्यसन नाही. आम्ल बराच काळ दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन, म्हणजे आम्ल बनवायला सांगणारं संप्रेरक, वाढवतं आणि आम्ल बनवणाऱ्या पेशींची ताकद वाढते. औषध अचानक बंद केलं की काही आठवडे आधीपेक्षा जास्त आम्ल सुटतं. माणसाला वाटतं, बघा, मूळ आजार अजून आहे. ती जळजळ बऱ्याचदा औषध सोडल्याची असते. म्हणून हळूहळू कमी करायचं: डोस अर्धा, मग एक दिवसाआड, मधल्या दिवशी गरज पडली तर अँटासिड किंवा फॅमोटिडीन.

पण त्याआधी ती सुरू का केली हे पाहा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, कधी पोटातून रक्त गेलं असेल, अन्ननलिकेला जखमा असतील, तर स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

वडिलांचं बी-१२ तपासून घ्या. आहारातलं बी-१२ अन्नातून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, ते आपण बंद केलं. मेटफॉर्मिननं ते आणखी घटतं. त्यात शाकाहार. तळपायाला मुंग्या येतात का विचारा. मॅग्नेशियमही कधी कधी उतरतं.

डोमपेरिडोनचं काम वेगळंच आहे: जठर पुढे ढकलायला मदत करणं आणि मळमळ थांबवणं. नुसत्या जळजळीला ते लागत नाही. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा थोडा धोका आहे म्हणून युरोपात २०१४ पासून त्याचा वापर कमी डोस आणि थोड्या दिवसांपुरता बांधून ठेवला आहे. आपल्याकडे ते जोडगोळीत बसून वर्षानुवर्षं जातं. साठीच्या पुढच्या माणसाला, विशेषतः हृदयाची औषधं चालू असताना, हे डॉक्टरांसमोर ठेवाच.

---

आशाताई (धडगाव)
मंगळवार, सकाळी ६:४०

तुमचं सगळं मोठ्या माणसांचं चाललंय. आमच्याकडे पाड्यावर पोरांचं पाहावं लागतं. ओआरएसचं पाकीट देऊन येते, आणि दुसऱ्या दिवशी जाते तर काय? पाकिटाचं तोंड चिमटीनं उघडलेलं, पेल्यात एक चिमूट टाकलेली, बाकी पाकीट घडी करून कुडाच्या भिंतीत खोचलेलं. पुरवून वापरायचं म्हणून. कोणी उलट करतं, अख्खं पाकीट एका तांब्यात, म्हणजे मीठ जास्त.

मी आता सोबत एक लिटरची रिकामी बाटली ठेवते. त्यांच्यासमोर ती भरते, भांड्यात ओतते, अख्खं पाकीट टाकते आणि ढवळायला आईच्याच हातात देते. शब्दापेक्षा हे लक्षात राहतं. पाणी उकळून थंड केलेलं. चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून नवं. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध चालूच.

केमिस्ट दादा, एक विचारायचं आहे. आया म्हणतात, ताई यानं संडास तर थांबत नाही, मग उपयोग काय? त्यांना नीट काय सांगू?

---

जुना केमिस्ट (अमळनेर)
मंगळवार, सकाळी ९:०५

आशाताई, तुमचं हे काम माझ्या सगळ्या शेल्फपेक्षा मोठं आहे. त्यांना सांगा, हे संडास थांबवायचं औषध नाहीच, अंगातलं पाणी परत भरायचं औषध आहे. मूल जुलाबानं जात नाही, पाणी संपल्यानं जातं.

आतली गोष्ट अशी. जुलाबात आतडं पाणी बाहेर सोडत असतं, नुसतं पाणी पाजलं तर तेही वाहून जातं. पण आतड्याच्या पेशीवर एक दार आहे, ते ग्लुकोज आणि सोडियम दोघं जोडीनं आले तरच उघडतं. ते आत शिरले की मागोमाग पाणी ओढलं जातं. हे दार बहुतेक जुलाबांत शाबूत राहतं. म्हणून पाकिटात साखर आणि मीठ ठरलेल्या मापानंच असतं: एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. चिमटीनं टाकलं की हे माप मोडलं. पाकीट नसेलच तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

१९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी मोठ्या प्रमाणावर पाजायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

सोबत झिंक विसरू नका. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. त्याहून लहानाला १०. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करायचा. आतड्याचं अस्तर दुरुस्त व्हायला मदत होते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब लागायचं प्रमाण कमी होतं.

आणि दुकानातल्या रंगीत खोक्यातल्या गोड पेयांना भुलू नका. साखर इतकी की जुलाब वाढायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयावर 'ओआरएस' हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली.

---

सातपुड्याखालचा डॉक्टर
मंगळवार, सकाळी ११:३०

आशाताई, डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली पोटाची कातडी हळूहळू खाली बसते, मूल सुस्त किंवा पाणी पिऊच शकत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, शीतून रक्त: यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, दवाखाना. हे तुम्हाला माहीत आहेच, इथल्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

---

रोज अप-डाउन
मंगळवार, दुपारी १२:१८

मी जळगाव-भुसावळ लोकलवाला. ऑफिसला निघताना पोट बिघडलं की लोपेरामाइड घेतो, एका गोळीत बंद. आणि मित्र म्हणतो त्यापेक्षा ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल घे, मुळासकट जातं. कोण बरोबर?

---

जुना केमिस्ट (अमळनेर)
मंगळवार, दुपारी २:३०

लोपेरामाइड अफूच्या घराण्यातलं, पण डोक्यात शिरत नाही. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर बसून आतड्याची हालचाल मंद करतं. माल हळू सरकतो, पाणी शोषायला वेळ मिळतो. मोठ्या माणसाला, ताप नाही, रक्त नाही, प्रवास आहे, तर एखाद वेळेस ठीक. ताप असेल किंवा शीतून रक्त-आव पडत असेल तर नको. तिथं जंतू आणि त्याचं विष आतच कोंडलं जातं. लहान मुलांना तर मुळीच नको. रेसकॅडोट्रिल म्हणून दुसरं आहे, ते आतड्याचा वेग कमी करत नाही, आत सुटणारं पाणी कमी करतं.

तुमच्या मित्राचं मात्र पटत नाही. साधे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे किंवा बाधलेल्या अन्नाचे असतात, दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. अँटिबायोटिक घेऊन तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की श्रेय गोळीला जातं. आतड्यातले कामाचे जंतू मात्र मेलेले असतात. ताप आणि रक्त असेल, तांदळाच्या पेजेसारखे ढाळ होत असतील, मुरडा मारून आव पडत असेल, तर वेगळं. पण ते चिठ्ठीवर. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये हा नियम आहे. आमच्या धंद्यात तो किती पाळला जातो ते तुम्ही रोज पाहता.

आवेसाठी मेट्रोनिडाझोल मिळालं तर दारू पूर्ण बंद ठेवा, कोर्स संपल्यानंतरही काही दिवस. तोंडाला धातूची चव येते, घाबरू नका. काही रुग्णांना त्यानंतर डायलोक्सानाइडचा दुसरा कोर्स देतात, कारण पहिलं औषध आतड्याच्या भिंतीत घुसलेला अमीबा मारतं आणि पोकळीत लपलेल्या कोषांना फारसं पोचत नाही.

---

पारोळ्याचा वैद्यप्रेमी
मंगळवार, सायं. ६:४४

सगळं रसायन-रसायन चाललंय. आमच्या आजीनं आयुष्यभर महिन्यातून एकदा एरंडेल आणि अधूनमधून सोनामुखी घेतली, कधी दवाखाना पाहिला नाही. नैसर्गिक ते नैसर्गिक. पोट साफ तर सगळं साफ.

---

जुना केमिस्ट (अमळनेर)
मंगळवार, सायं. ७:२५

दादा, आजींना नमस्कार. पण एरंडेलात काय होतं ते ऐका. लहान आतड्यात त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटतं आणि ते आतड्याच्या स्नायूंना जोरात आकुंचन पावायला लावतं. म्हणूनच गरोदर बाईला देत नाहीत. सोनामुखीतल्या घटकांना मोठ्या आतड्यातले जंतू फोडतात, मग ते फुटलेले घटक आतड्याच्या मज्जातंतूंना डिवचतात. झाडाचं असलं तरी तेही रसायनच. आधुनिक गोळ्यांतलं बिसाकोडिल असंच डिवचणारं आहे. रात्री घेतलं की सहा ते बारा तासांत, म्हणजे सकाळी. दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेतलं तर त्याचा लेप पोटातच सुटतो आणि कळा येतात. कधीमधी घ्यायला हरकत नाही, रोज उठून घेणं योग्य नाही.

रोजच्यासाठी इसबगोल बरा. आपल्या शेजारच्या गुजरातेतला, उंझ्याच्या बाजारातून येतो. पाणी धरून फुगतो आणि शी मऊ-मोठी करतो. पाणी धरतो म्हणून पातळ शी घट्ट करायलाही चालतो. पण मोठ्या ग्लासभर पाण्यासोबत, लगेच. कमी पाण्यात घशात अडकतो, म्हाताऱ्यांना विशेष सांभाळा. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी ओढून ठेवतात. त्यांना एक-दोन दिवस लागतात, म्हणून रात्री घेऊन सकाळी "काही झालं नाही" म्हणत डबल डोस घेऊ नका.

आणि कुंथावं का लागतं ते आधी पाहा. लोहाची गोळी, कॅल्शियम, खोकल्याचं कोडिन असलेलं औषध, हे सगळे खडा करतात. पन्नाशीनंतर नव्यानं बद्धकोष्ठ सुरू झालं, वजन उतरतंय, रक्त पडतंय, तर कसलंच चूर्ण नको, तपासणी.

---

पारोळ्याचा वैद्यप्रेमी
मंगळवार, सायं. ७:५१

इसबगोलवर आपलं जमलं. एरंडेलावर नाही.

---

एमपीएससीवाला
मंगळवार, रात्री ११:३८

उशिरा विचारतोय. परीक्षा जवळ आली की पोटात मुरडा, सकाळी तीनदा जावं लागतं, गेलं की बरं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस (आतडं हळवं होण्याचा त्रास) सांगून मेबेव्हेरिन दिलं आणि रात्री थोडी अमिट्रिप्टिलिन. नेटवर पाहिलं तर ती डिप्रेशनची गोळी. मला वेडा समजतात का?

---

सातपुड्याखालचा डॉक्टर
बुधवार, सकाळी ७:१५

नाही रे बाळा. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं आहे आणि मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं. आयबीएसमध्ये आतडं साध्या ताणालाही दुखणं म्हणून कळवतं. मेबेव्हेरिन आतड्याच्या स्नायूंची पेटकी सोडवतं. अमिट्रिप्टिलिन डिप्रेशनला देतात त्यापेक्षा फार कमी मात्रेत दुखण्याचे निरोप मंद करतं आणि शी थोडी आवळते, तुझ्यासारख्या पातळ होणाऱ्याला ते बरंच. झोपताना घे, सकाळी जरा जड वाटेल, तोंड कोरडं पडेल. फरक कळायला काही आठवडे दे.

घरातल्या कोणाची डायसायक्लोमिन उचलून घेऊ नकोस. तीही पेटकी सोडवते पण लघवी अडवते आणि काचबिंदू असलेल्यांना घातक ठरू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना पोटदुखी म्हणून ती देऊन लघवी तुंबल्यावर मग आमच्याकडे आणतात.

---

यावलची सून
बुधवार, सकाळी १०:०२

गॅसचं कोणीच बोललं नाही. सासऱ्यांना रात्री छातीत गच्च झालं की गॅस झाला म्हणतात, सोड्याचं पाणी पितात, ढेकर येते, बरं वाटतं.

---

सातपुड्याखालचा डॉक्टर
बुधवार, सकाळी १०:२०

ताई, सासऱ्यांचं वय काय? शुगर, बीपी, तंबाखू? हे उत्तर वाचून झाल्यावर आजच त्यांचा ईसीजी काढा.

छातीवर वजन ठेवल्यासारखं, घाम, जबडा किंवा डाव्या हातात जाणारं, चालताना वाढणारं, श्वास लागणारं. शुगर असलेल्याला तर कधी कधी दुखणं नसतंच, नुसती अस्वस्थता आणि मळमळ. असले लोक रात्रभर सोडा पीत बसतात आणि पहाटे आमच्याकडे येतात तेव्हा हृदयाचा बराच भाग गेलेला असतो. ढेकर आली, बरं वाटलं म्हणजे हृदय नाही, असं धरून चालू नका. अँटासिडनं आराम पडला तरी नाही.

---

यावलची सून
बुधवार, सकाळी १०:२६

७१. शुगर आहे, तंबाखू पण. नेते आजच.

---

जुना केमिस्ट (अमळनेर)
बुधवार, दुपारी १:१०

डॉक्टरांनी महत्त्वाचं सांगितलं. बाकी गॅसचं थोडक्यात: सिमेथिकोन पोटातले बारीक बुडबुडे फोडून एकत्र करतं, म्हणजे हवा सुटायला सोपी. गॅस बनणं ते थांबवत नाही. गॅस बनतो मोठ्या आतड्यात, न पचलेल्या डाळी-उसळींवर जंतू काम करतात तेव्हा. फौजदारी डाळ खाल्ल्यावर थोडा होणारच. खाण्याच्या सोड्यानं आम्लाशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, ढेकर त्याचीच. म्हणजे सोड्यानं आधी गॅस केला आणि मग तो सोडला! त्यातलं सोडियम बीपीवाल्याला नको.

---

खापरावरचा मांडा
बुधवार, दुपारी ३:३३

शेवटचा प्रश्न. मायले थायरॉइडनी गोयी सकाळी उपाशीपोटी, आणि ही पॅन्टोपण उपाशीपोटी. दोन्ही एकाच वेळी?

---

जुना केमिस्ट (अमळनेर)
बुधवार, सायं. ५:००

थायरॉइडची उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, अर्ध्या-एक तासानं पॅन्टोप्राझोल, आणि आणखी अर्ध्या तासानं नाश्ता-चहा. पॅन्टोप्राझोल रोज चालू असेल तर थायरॉइडची गोळी थोडी कमी शोषली जाऊ शकते, म्हणून दोन-अडीच महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, डोस डॉक्टर ठरवतील. पातळ अँटासिड, कॅल्शियम आणि लोह मात्र थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. तेच सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकांबद्दल: अँटासिडसोबत घेतलं की औषध त्याला बांधलं जातं आणि शीतून निघून जातं, म्हणून ती अँटासिडच्या किमान दोन तास आधी, नाहीतर अँटासिडनंतर सहा तासांनी.

माय रोज पहाटे चहा घेत असेल, तर आधी चहाची वेळ ठरवा, गोळ्या नंतर बसवू. इथं भांडणं त्यावरूनच होतात.

---

यावलची सून
बुधवार, रात्री ९:४५

ईसीजीत बदल निघाले. जळगावला ॲडमिट केलंय, उद्या अँजिओग्राफी. डॉक्टरसाहेब, यांच्या पिशवीत सोड्याबरोबर पॅन्टोप्राझोल आणि दुखण्याची गोळी पण सापडली. सगळ्या पट्ट्या इथल्या सिस्टरला दाखवल्या.

---

सातपुड्याखालचा डॉक्टर
बुधवार, रात्री ९:५८

उत्तम केलंत. दुखण्याची गोळी बंद ठेवायला सांगा, हृदयाच्या औषधांशी आणि पोटाशी दोन्हीकडे तिचं जमणार नाही. पॅन्टोप्राझोल आता बहुधा तेच लिहून देतील, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सुरू होतात तेव्हा पोट सांभाळायला. उद्या कळवा.